गाडीतला फ्रीज: आधी वीज, मग वारा, शेवटी गॅस

रायपूरच्या समता कॉलोनीतून बोलतोय.

मी फ्रीज आणि एसीची कामं करतो. घरच्या फ्रीजबद्दल आपण या मालिकेत पुष्कळ बोललो. आज गाडीतल्या फ्रीजबद्दल बोलू. हल्ली हौशी मंडळी ट्रॅव्हलरसारखी गाडी घेतात, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतात आणि चालतं-फिरतं घर तयार करतात. काहीजण मागे जोडायची ट्रेलर-खोली बनवून घेतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांबद्दलची विचारणा वाढली. आमच्या रायपूरच्या मराठी घरांची तर गोष्टच वेगळी. अर्धे नातेवाईक नागपूर-अमरावतीकडे, मुलं पुण्याला. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत नागपूर गाठायचं म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आसपास. पुढे पुण्यापर्यंत जायचं तर वाटेत एक-दोन मुक्काम. सोबत म्हातारी माणसं असली की गाडीतलं घर बरं पडतं.

पण त्या घरातला फ्रीज हा सगळ्यात जास्त रुसणारा प्राणी. आणि तो रुसला की केवळ दूध नासत नाही. घरी फ्रीज बंद पडला तर आपण दुधाचं पातेलं शेजारच्या काकूंकडे ठेवतो. साकोलीच्या पुढे जंगलात रात्री अकरा वाजता शेजारच्या काकू कुठून आणणार? आणि फ्रीजमध्ये आजोबांचं इन्सुलिन असेल तर ते बिघडलेलं डोळ्यांनी दिसेलच असं नाही. सुई टोचली जाते, साखर मात्र उतरत नाही. म्हणून हा विषय मी गमतीचा समजत नाही.

आज एकच गोष्ट सांगायची आहे, ती म्हणजे तपासणीचा क्रम. आधी वीज, मग वारा, शेवटी गॅस. दुकानात नेमका उलटा क्रम चालतो. "थंड होत नाही? गॅस भरून देतो." पैसे जातात, दोन दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा क्रम पाठ करा आणि त्यामागचं कारणही समजून घ्या.

फ्रीज थंडी तयार करत नाही

फ्रीज आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या माणसासारखं त्याचं काम. आतल्या कप्प्यात गॅस उकळतो आणि उष्णता शोषतो. कंप्रेसर तो गॅस दाबून मागच्या जाळीत पाठवतो. जाळी गरम होते आणि उष्णता बाहेरच्या हवेला देते. गॅसचा परत द्रव होतो, बारीक नळीतून आत जातो आणि फेरा चालू राहतो.

यावरून दोन प्रश्न निघतात. शेंदणाऱ्या माणसाला पुरेसं खायला मिळतंय का? म्हणजे वीज. आणि शेंदलेलं पाणी ओतायला जागा आहे का? म्हणजे वारा. हे दोन्ही ठीक असूनही काम होत नसेल, तरच दोर तुटला का ते बघायचं. म्हणजे गॅस.

आता विहीर किती खोल? पुण्यात बाहेर २५ अंश आणि आत ५ अंश, म्हणजे फरक २० अंशांचा. आमच्याकडे नवतपा लागला की पारा ४५ ला टेकतो. आत तेच ५ हवेत, म्हणजे फरक ४० अंशांचा. भिंतीतून आत शिरणारी उष्णता दुप्पट झाली. वर ती बाहेर फेकायला कंप्रेसरला जास्त जोर लावावा लागतो. उन्हात बंद उभ्या गाडीत तर तापमान सहज ५० च्या वर जातं. घरगुती फ्रीजच्या स्टिकरवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो तो बघा. "एसटी" असेल तर तो फ्रीज ३८ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला आहे. "टी" असेल तर ४३ अंशांपर्यंत. मे महिन्यात रायपुरात उन्हात लावलेली गाडी या दोन्हींच्या बाहेर जाते. तिथे फ्रीज धापा टाकत असेल तर तो बिघडलेला नाही, त्याला सावली हवी आहे.

तुमच्या गाडीत आहे कोणता फ्रीज?

तपासायला बसण्याआधी हे ओळखा, कारण चार जाती आहेत आणि चारींचे आजार वेगळे.

पहिली जात १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रीज. थेट बॅटरीवर चालतो, चालू असताना साधारण ४५ ते ६० वॉट घेतो. गाडीसाठी हाच खरा.

दुसरा म्हणजे घरचाच २३० व्होल्टचा फ्रीज, इन्व्हर्टर लावून गाडीत बसवलेला. स्वस्त पडतो म्हणून आपल्याकडे पुष्कळ गाड्यांत हाच दिसतो.

तिसरा ॲब्सॉर्प्शन फ्रीज. परदेशी बनावटीच्या ट्रेलरमध्ये असतो, तो गॅस सिलिंडर, १२ व्होल्ट किंवा २३० व्होल्ट या तिन्हींवर चालतो. त्यात कंप्रेसरच नसतो. त्याच्याबद्दल शेवटी बोलू.

चौथा म्हणजे सिगारेट लायटरला लावायचा हलका डबा, आत एक चपटी चकती आणि पंखा. त्याला दुकानदार फ्रीज म्हणतो, पण तो बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकतो. बाहेर ४५ असेल तर आत २५. पाण्याच्या बाटलीला चालेल. इन्सुलिनचा साठा त्यात ठेवून उन्हाळ्यात प्रवासाला निघू नका. हा डबा दुरुस्तीला आणू नका, कारण तो बिघडलेला नसतोच.

तपासणीआधी थर्मामीटर

"थंड होत नाही" म्हणजे किती? हात लावून सांगू नका. उन्हातून आलेल्या हाताला १५ अंशसुद्धा गार लागतात. एक ग्लास पाणी मधल्या कप्प्यात ठेवा, त्यात साधा थर्मामीटर बुडवा आणि रात्रभर दार उघडू नका. सकाळी पाणी ३ ते ६ अंशांच्या दरम्यान असेल तर फ्रीज ठीक आहे. १० च्या वर असेल तर तक्रार खरी. कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर मिळाला तर फारच उत्तम, कारण तुम्ही झोपलेले असताना काय झालं ते तो सांगतो.

आधी वीज: बॅटरीजवळ नाही, फ्रीजजवळ मोजा

आता मुख्य मुद्दा. आमच्या कॉलोनीतल्या एका घरची गाडी सांगतो. घरात आजोबा, त्यांना रोज इन्सुलिन. १२ व्होल्टचा चांगला फ्रीज घेतलेला. तक्रार अशी की गाडी चालू असताना फ्रीज छान चालतो. रात्री मुक्कामाला गाडी बंद केली की तास-दीड तासात फ्रीज बंद. कधी पुन्हा चालू होतो, कधी नाही. बॅटरी नवीन घातली, फरक नाही. एका ठिकाणी सांगितलं, कंप्रेसर गेला, बदला.

मी मल्टिमीटर घेऊन आधी बॅटरीवर लावला. १२.३ व्होल्ट. म्हणजे बॅटरी अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली, ठीकच. मग फ्रीजच्या प्लगपाशी लावला आणि घरच्यांना म्हटलं, आता फ्रीज चालू करा. कंप्रेसर उठायला गेला, काटा घसरून १०.२ ला आला आणि फ्रीज बंद. दोन व्होल्ट वाटेत हरवले होते.

कुठे हरवले? वायर उघडली. बॅटरीपासून फ्रीज सहा मीटर लांब आणि वायर एक चौरस मिलिमीटरची, घरात दिव्यासाठी वापरतो तशी. हिशेब करून बघा. वीज जाते आणि परत येते, म्हणून सहा मीटरचे बारा मीटर धरायचे. अशा तांब्याच्या वायरचा विरोध साधारण ०.२ ओहम भरतो. कंप्रेसर उठताना ८ अँपिअर घेत असेल तर आठ गुणिले ०.२, म्हणजे १.६ व्होल्ट वायरीतच संपले. राहिलेले लायटर सॉकेटच्या ढिल्या स्प्रिंगमध्ये गेले. प्लग काढून हात लावला तर चटका बसला. जिथे कनेक्शन गरम, तिथे वीज जळतेय असं समजा.

आता गाडी चालू असताना तो का चालायचा? तेव्हा अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देत असतो. १४ मधून दोन गेले तरी १२ उरतात, फ्रीजला कळतही नाही. गाडी बंद झाली की उशी संपते. आणि या फ्रीजना बॅटरी वाचवायला कट-ऑफ असतो. बऱ्याच फ्रीजमध्ये तो साडेदहा व्होल्टच्या जवळपास असतो, आणि परत चालू व्हायला साधारण एक-सव्वा व्होल्ट जास्त लागतात. म्हणून कधी सुरू, कधी बंद. फ्रीज शहाणपणाने वागत होता, वेडेपणा वायरिंगमध्ये होता.

बॅटरीपासून थेट ६ चौरस मिलिमीटरची जोडी ओढली, लायटर सॉकेट काढून टाकलं, पक्के लग लावले. आता वायरीत कंप्रेसर उठतानासुद्धा ०.३ व्होल्टच्या आत घसरण. कंप्रेसर तोच आहे. आजोबा त्यानंतर याच गाडीतून पुण्याला जाऊन आले.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, व्होल्टेज फ्रीजच्या टोकाला मोजायचं आणि कंप्रेसर चालू असताना मोजायचं. बॅटरीवरचा आणि फ्रीजवरचा फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर किंवा जोड बदला. दोन, मायनसची वायरसुद्धा बॅटरीपर्यंत न्या. कुठेतरी पत्र्याला स्क्रू मारून "बॉडी अर्थ" दिलेलं असेल तर त्या जागी रंग किंवा गंज असतोच. तीन, नवीन जाड वायर टाकली की बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घाला. फ्यूज फ्रीजला नव्हे, वायरीला वाचवतो. वाटेत वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर फ्यूजशिवाय गाडी पेटते.

अजून एक सोय सांगतो. डॅनफॉसच्या, म्हणजे आताच्या सिकॉपच्या, बीडी मालिकेच्या कंप्रेसरवर एक काळी इलेक्ट्रॉनिक पेटी असते. तिला छोटा दिवा जोडलेला असेल तर तो बिघाडाचं कारण लुकलुकून सांगतो. एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी. दोनदा, पंखा जास्त करंट घेतोय. तीनदा, मोटर उठत नाही. चारदा, वेग पकडत नाही. पाचदा, पेटी तापली आहे. दुकानात जाण्याआधी तो दिवा मोबाइलवर चित्रित करून घ्या, मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचेल.

बॅटरीचा जमाखर्च

वायर ठीक आहे, तरी फ्रीज पहाटे बंद पडतो. मग जमाखर्च मांडा. ५० वॉटचा फ्रीज म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ४.२ अँपिअर. थंडीत तो अर्धा वेळ चालतो, दिवसाला ५० अँपिअर-तास खर्च. मे महिन्यात तो जवळजवळ थांबतच नाही, मग ८० ते १००. आता १०० अँपिअर-तासांची साधी शिसं-आम्लाची बॅटरी घेतली तर तिची निम्मीच वीज वापरावी, नाहीतर आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणजे हातात ५०. उन्हाळ्यात अर्धा दिवससुद्धा कसाबसा. लिथियम फॉस्फेटची बॅटरी तेवढ्याच आकड्यात बरीच जास्त वापरता येते, पण ती महाग, आणि तिचा चार्जर वेगळा लागतो.

छपरावर १०० वॉटचं सोलर पॅनल लावलं तर चांगल्या उन्हात दिवसाला ४०० वॉट-तासांच्या आसपास मिळतात, म्हणजे ३० ते ३५ अँपिअर-तास. एका पॅनलवर उन्हाळ्यात फ्रीज भागत नाही, निदान दोन-तीन लागतात. आणि गंमत बघा, पॅनलला ऊन हवं, फ्रीजला सावली हवी. म्हणून गाडी अशी उभी करा की ज्या बाजूला फ्रीजची जाळी आहे ती बाजू दुपारनंतर सावलीत येईल.

नव्या गाड्यांबद्दल एक सूचना. हल्लीच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटर सतत १४ व्होल्ट देत नाही, इंधन वाचवायला मध्येच कमी करतो. मग मागची बॅटरी दिवसभर गाडी चालवूनही अर्धीच भरते. त्यावर उपाय म्हणजे दोन बॅटरींच्या मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर. तो व्होल्टेज वाढवून मागची बॅटरी नीट भरतो.

घरचा फ्रीज इन्व्हर्टरवर असेल तर हा जमाखर्च आणखी कडक होतो. १५० वॉटच्या कंप्रेसरला बॅटरीतून १४-१५ अँपिअर जातात, आणि उठताना काही क्षण त्याच्या कित्येक पट. इन्व्हर्टर पीं-पीं करून बंद पडतो तो याच क्षणी. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. चौकोनी लाटेचा घेतला तर मोटर गुणगुणते आणि तापते. फ्रीज बंद असतानाही इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खात राहतो, तीही खर्चात धरा.

ढाब्यावरची वीज

मुक्कामाला ढाब्यावरून किंवा लॉजमधून वायर ओढतो, तेव्हा निराळे प्रश्न. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, पण संध्याकाळी सगळ्यांचे कूलर आणि पंप चालू झाले की आडबाजूला ती १७०-१८० वर येते. एवढ्यात फ्रीजचा कंप्रेसर उठत नाही. "टक्" आवाज येतो, गुणगुण होते, पुन्हा "टक्". हा आवाज ओव्हरलोडचा आहे, तो मोटर जळू नये म्हणून तोडतोय. असं ऐकलं की लगेच बटण बंद करा. किमान पाच मिनिटं थांबा, आतला दाब उतरू द्या, आणि स्टॅबिलायझरशिवाय पुन्हा लावू नका. "बघू, आता लागतोय का" करत दहा वेळा बटण दाबणं म्हणजे चांगल्या कंप्रेसरचा जीव घेणं.

एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. आणि हे नीट ऐका, गाडीचा सांगाडा लोखंडाचा आणि टायर रबराचे. बाहेरून घेतलेल्या विजेला अर्थिंग नसेल आणि आत कुठे वायर सोललेली असेल, तर सगळी गाडी जिवंत होते. जमिनीवर अनवाणी उभं राहून दाराच्या दांडीला हात लावला की झटका. गाडीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. थंड पाण्यापेक्षा माणूस महत्त्वाचा.

मग वारा

वीज पुरेशी आहे, कंप्रेसर चालतोय, तरी आत १२ अंश. आता मागे बघा.

फर्निचर करणारा सुतार फ्रीज सुंदर बसवतो, चारी बाजूंनी प्लायवूड, कुठे फट नाही. दिसायला देखणं, पण जाळीतली उष्णता जाणार कुठे? खाली गार हवा आत यायला झरोका, वर गरम हवा बाहेर जायला झरोका, हे दोन्ही लागतात. एकच असेल तर हवा फिरत नाही. फ्रीजमागच्या फटीत थर्मामीटर सोडून बघा. तिथे खोलीपेक्षा १० अंश जास्त निघाले तर हवा कोंडते आहे. संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा छोटा पंखा वरच्या झरोक्याला लावा, बाहेर हवा फेकणारा. त्याचा खर्च नगण्य, फरक मोठा.

त्याच्यानंतर धूळ. रायपूरकरांना वेगळं सांगायला नको. उरला-सिलतराच्या बाजूने येणारी काळी धूळ सकाळी गच्चीवर पाय ठेवला की तळव्याला लागते. तीच फ्रीजच्या जाळीवर बसते आणि तेलकट वाफेबरोबर तिचं कांबळं होतं. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. बारीक पत्र्या वाकवू नका, पाणी मारू नका. गाडी महामार्गावर चालणारी असेल तर दर लांब प्रवासाआधी हे करा.

दाराचं रबर बघा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथून गरम हवा शिरतेय. गाडी हलते, खड्ड्यात आपटते, बिजागरी ढिली होते आणि दार एका कोपऱ्यात लागत नाही. पाना फिरवून आधी बिजागरी घट्ट करा. रबर चपटं झालं असेल तर गरम पाण्याच्या फडक्याने शेकून पुन्हा फुगवता येतं, फाटलं असेल तरच बदला.

आणि आपल्या सवयी. गरम वरणाचं पातेलं आत ठेवू नका. फ्रीज खच्चून भरू नका, आत हवा फिरायला वाट ठेवा. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रीज गार करून ठेवा आणि त्यात गार झालेल्याच वस्तू भरा. रिकाम्या फ्रीजपेक्षा गार पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला फ्रीज दार उघडल्यावर कमी तापतो.

शेवटी गॅस

वीज बरोबर, वारा बरोबर, रबर बरोबर, तरी थंडी नाही. आता गॅसवर संशय घ्यायला हरकत नाही. लक्षणं अशी. कंप्रेसर न थांबता चालतो, पण जाळी नीट गरम होत नाही. आत बर्फाच्या पत्र्यावर एकाच कोपऱ्यात पांढरं दव धरतं, बाकी पत्रा कोरडा. नळीच्या एखाद्या जोडावर तेलकट डाग.

गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळला. गळती न शोधता भरला तर तो पुन्हा गळणार. मेकॅनिकला तीन प्रश्न विचारा. गळती कुठे सापडली? व्हॅक्यूम किती वेळ करणार? गॅस वजन करून भरणार का? छोट्या फ्रीजमध्ये गॅस अगदी थोडा, काही ग्रॅमच, लागतो आणि थोडा जास्त झाला तरी थंडी बिघडते. शिवाय हल्ली बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. तो ज्वालाग्राही आहे. बंद गाडीत त्याचं काम करू देऊ नका, फ्रीज बाहेर मोकळ्या हवेत काढून घ्या.

कंप्रेसर नसलेला फ्रीज

ॲब्सॉर्प्शन फ्रीज १९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधला. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खाली ज्योत किंवा हीटर लावला की अमोनिया पाण्यातून सुटतो आणि फिरत राहतो. मोटर नाही, आवाज नाही. द्रव आपल्या वजनाने खाली वाहतो, म्हणून गाडी समतल उभी असणं आवश्यक. उतारावर लावून रात्रभर चालवला तर द्रव अडकतो आणि नळी खराब होते. याला थंड व्हायला कित्येक तास लागतात, घाई करू नका. १२ व्होल्टवर हा ८-१० अँपिअर किंवा जास्त सलग खातो, म्हणून ती सोय फक्त गाडी चालू असताना. चालत्या गाडीत गॅसची ज्योत कधीही नको. अमोनियाचा उग्र वास आला किंवा मागे पिवळी पूड दिसली तर बंद करा, खिडक्या उघडा. त्याची दुरुस्ती गाडीत होत नाही.

इन्सुलिनची वेगळी व्यवस्था

आता ज्या कारणासाठी हे सगळं बोललो ते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि ते गोठता कामा नये. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी फेकून द्यायचं. गाडीतल्या छोट्या फ्रीजमध्ये बर्फाच्या पत्र्याला टेकून ठेवलेली कुपी गोठते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ती डब्यात घालून मधल्या कप्प्यात ठेवा. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे चालतं, नेमकं किती ते सोबतच्या कागदावर छापलेलं असतं. पण मे महिन्यातलं गाडीतलं तापमान म्हणजे काही ३० अंश नव्हे.

लस पोचवणाऱ्यांकडून इथे शिकण्यासारखं आहे. आमच्या छत्तीसगडमध्ये जिथे वीज भरवशाची नव्हती अशा शेकडो आरोग्य केंद्रांवर क्रेडा या सरकारी संस्थेने सौर यंत्रणा बसवल्या. देशभर लसींसाठी वापरतात त्या आइस-लाइंड फ्रीजच्या भिंतीतच बर्फाचं अस्तर असतं. दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी तो २ ते ८ अंश राखतो. विजेचा भरवसा नसेल तर थंडी बर्फात साठवून ठेवायची, हा त्यातला धडा. लस नेणाऱ्या ताई बर्फाची पिशवी फ्रीजरमधून काढली की लगेच डब्यात घालत नाहीत. ती बाहेर ठेवतात, वर पाण्याचे थेंब आले आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच भरतात. म्हणजे लस गोठत नाही.

तुम्हीही हेच करा. चांगला थर्मास किंवा जाड थर्माकोलचा डबा, त्यात अशी घामेजलेली बर्फाची पिशवी, मध्ये जाड फडकं, मग इन्सुलिन आणि छोटा थर्मामीटर. फ्रीज बंद पडला तरी रात्र निघते. तेही नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला छोटा माठ, सावलीत, वाऱ्यावर. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ चांगलं काम करतो, पण २ ते ८ अंश देत नाही, म्हणून वापरातल्या कुपीपुरता. इन्सुलिन तापलं की गोठलं अशी शंका आली तर ते वापरू नका, डॉक्टरांना किंवा औषधवाल्यांना विचारून नवीन घ्या. जास्तीची एक कुपी नागपूरला नातेवाइकांच्या फ्रीजमध्ये आधीच पोचवून ठेवता आली तर सगळ्यात उत्तम.

कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा

थोडक्यात क्रम पुन्हा सांगतो. एक, ग्लासातल्या पाण्याचं तापमान किती? दोन, कंप्रेसर चालू असताना फ्रीजच्या टोकाला व्होल्टेज किती? तीन, कोणता प्लग किंवा जोड गरम आहे? चार, बॅटरीचा जमाखर्च जुळतो का? पाच, मागे हवेला खालून यायला आणि वरून जायला वाट आहे का, जाळी स्वच्छ आहे का? सहा, दाराचं रबर धरतं का? सात, आणि सातवाच, गॅस.

यातली पहिली सहा कामं तुम्ही स्वतः करू शकता. त्यासाठी एक मल्टिमीटर, एक थर्मामीटर, एक ब्रश आणि कागदाची पट्टी पुरते. सातव्या कामाला मेकॅनिक बोलवा, आणि बोलवाल तेव्हा पहिल्या सहांची उत्तरं त्याच्या हातात द्या. ज्याच्याकडे आकडे असतात त्याला कुणी उगाच कंप्रेसर बदलायला लावत नाही.

तुमच्या गाडीतल्या फ्रीजची तक्रार लिहून पाठवायची असेल तर हे सात आकडे सोबत पाठवा. पुढच्या भागात घरच्या इन्व्हर्टर आणि बॅटरीची निगा यावर बोलू. सावलीत गाडी लावा, सुखरूप प्रवास करा.